डार्विनचे सोळा प्रश्न

इ. स. १८६७ च्या सुमारास इंग्लंडांतील डाउन या खेड्यांतून एक प्रश्नपत्रिका दूरदूरच्या देशांना रवाना होऊं लागली. प्रश्न अवघे सोळा. आश्चर्य वाटलें असतां माणूस भुंवया उंचावून डोळे विस्फारतो व तोंड वासतो काय? लाजेनें चेहरा लाल होतो काय, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकार देतांना मान उभी व नकार देतांना आडवी हालते काय? प्रश्नकर्ता होता चार्लस डार्विन. प्रश्न गेले ते मिशनरी, वसाहतींतील अंमलदार अशा मंडळींकडे.

या चौकशीमागें एक वाद होता. मनुष्याच्या चेहऱ्यावरील कांहीं स्नायू परमेश्वरानें केवळ भावना व्यक्त करण्यासाठींच निर्माण केले, असें सर चार्लस बेल या शारीरशास्त्रज्ञाचें मत. डार्विनला तें मान्य नव्हतें. ज्यांचा परस्परांशीं संबंध आला नाहीं अशा मानववंशांच्या मुद्रा जर सारख्या निघाल्या, तर सर्व मानवजात एकाच मूळ वंशांतून आली या म्हणण्याला बळकटी मिळणार होती. गोरा आणि काळा यांची मुळें वेगळीं मानणारे विद्वान् त्या काळीं थोडेथोडके नव्हते, म्हणून हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता.

उत्तरें आलीं छत्तीस. स्मरणशक्ति फसवी असते, तेव्हां आठवणीवर विसंबूं नका, अशी ताकीद डार्विननें आधींच दिली होती. त्याची स्वतःची नजरही चौकस होती. इ. स. १८३९ त जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या रडण्याहंसण्याचें टिपण त्यानें ठेविलें होतें. ड्यूशेन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें, ज्याच्या चेहऱ्याची संवेदना मंदावली होती अशा एका वृद्धाचे स्नायू विजेच्या साह्यानें आकुंचित करून निरनिराळ्या मुद्रांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. तीं डार्विननें विसांहून अधिक सुशिक्षित स्त्रीपुरुषांना, कांहींही न सांगतां दाखविलीं. कांहीं मुद्रा जवळजवळ सर्वांनीं ओळखल्या, कांहींविषयीं मात्र प्रत्येकाचें मत निराळें पडलें. तेव्हां त्यानें एक प्रांजळ कबुली दिली : खालचा मजकूर वाचीत चित्रें पाहिलीं तेव्हां आपणांस जवळजवळ सारींच हुबेहूब वाटलीं होतीं, तो वाचला नसता तर आपणही असेच घोटाळ्यांत पडलों असतों! नवल एवढेंच कीं, त्याच्या सोळा प्रश्नांतही उत्तर आधींच सुचविलेलें होतें.

आतां आपल्याकडील हकीकत. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील अहमदनगर जिल्ह्यांत एर्स्किन नांवाचे गृहस्थ राहत होते. त्यांनीं तेथील लोकांच्या मुद्रा काळजीपूर्वक न्याहाळल्या, कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांजकडून माहिती मिळविली, कांहीं जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचाही सल्ला घेतला. तरीही निश्चित अनुमान काढणें त्यांना कठीण गेलें. युरोपियनांसमोर आपल्या सर्व भावना झांकून ठेवण्याची या लोकांना संवय आहे, असें कारण डार्विन देतो. साहेबापुढें हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळानें राग चेहऱ्यावर आणावा तरी कसा? घरीं ओसरीवर बसला कीं तोच माणूस भावाशीं कसा भांडतो, हें पाहण्यास साहेब कोठून येणार? भरताच्या नाट्यशास्त्रांत स्वेद, रोमांच, वैवर्ण्य हे 'सात्त्विक' भाव वेगळे काढले आहेत. बाकीचें बरेंच माणसाला आवरतां येतें, हें नटांच्या त्या आचार्याला ठाऊक असावें. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांतील स्कॉट याला मात्र तेथील मजुरांना पुष्कळ काळ पाहतां आलें, आणि इतकी भरपूर माहिती दुसऱ्या कोणीच धाडली नाहीं असें डार्विन म्हणतो. होकारनकाराच्या खुणा देशोदेशीं बऱ्याच भिन्न आहेत, हेंही त्याला मान्य करावें लागलें.

ग्रंथ इ. स. १८७२ त बाहेर पडला. पुढें विसाव्या शतकांत वारें फिरलें. चेहऱ्याची भाषाही शिकूनच येते, असें मानणारा पक्ष प्रबळ झाला. इ. स. १९६७ त पॉल एकमन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ न्यू गिनींतील फोरे लोकांत गेला. 'याचें मूल मेलें आहे', 'हा भांडणाच्या तयारींत आहे', अशी लहानशी गोष्ट सांगायची आणि छायाचित्रांतून योग्य चेहरा निवडावयास लावायचा, ही त्याची रीत. बहुतेक निवडी डार्विनच्या बाजूनें पडल्या. भय आणि आश्चर्य यांत मात्र त्या लोकांनीं भेद केला नाहीं. कोणासमोर कोणती भावना दाखवावी याचे समाजागणिक नियम असतात, असेंही एकमन व त्याचा सहकारी फ्रीसेन यांनीं इ. स. १९६९ त मांडलें. नगरकडची अडचण डार्विननें एका वाक्यांत संपविली होती. येथें ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाली.

वाद मिटला मात्र नाहीं. गोष्ट सांगून आणि मोजकेच चेहरे पुढें ठेवून विचारणें म्हणजे उत्तर हातीं देणेंच होय, असा आक्षेप एकमनवरही आला. इ. स. २०१६ त ट्रोब्रिअंड बेटांवरील एका संशोधनाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. डोळे विस्फारलेला, तोंड वासलेला जो चेहरा युरोप-अमेरिकेंत भ्यालेला म्हणून ओळखला जातो, तो तेथील मुलांना दाखविला. हा माणूस दुसऱ्याला धमकावीत आहे, असें त्यांपैकीं बहुतेकांनीं सांगितलें.