प्लेसमेंट कक्ष, माजी विद्यार्थी संघ आणि समाजमाध्यमे

पदवीचा निकाल लागला की महाविद्यालय आणि विद्यार्थी यांचे दैनंदिन नाते संपते. त्यानंतर दोन दुवे उरतात. एक, नोकरीसाठी साहाय्य करणारा प्लेसमेंट कक्ष आणि दुसरा, शिकून बाहेर पडलेल्यांची नोंद ठेवणारा माजी विद्यार्थी संघ. पूर्वी या दोघांचे काम सूचनाफलक, टपाल आणि वार्षिक स्नेहमेळावा यांवर चालत असे. आता ते मोठ्या प्रमाणात समाजमाध्यमांवर आले आहे. गोव्यातील तरुण पदवीनंतर पुणे, बंगळूर, आखाती देश, लंडन किंवा थेट बोटीवर जातो. त्यामुळे हा बदल येथील महाविद्यालयांना विशेष उपयोगी आहे आणि त्यातील धोकेही येथे अधिक जाणवतात.

पार्श्वभूमी

वैद्यकीय शिक्षणाची परंपरा गोव्यात १८४२ पासून असली, तरी आजच्या अर्थाने पदवी महाविद्यालये मुक्तीनंतर आली. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये १९६२ साली सुरू झाली, तर अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ साली स्थापन झाले. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये अस्तित्वात येईपर्यंत ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. माजी विद्यार्थ्यांचा शोध घेताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो. जुन्या पिढीच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव असते आणि समाजमाध्यमावरील माहितीतही तेच नोंदवलेले असू शकते. केवळ महाविद्यालयाचे नाव टाकून शोधल्यास अशी माणसे सापडत नाहीत.

जुन्या वर्गमित्रांना जोडणे हीच अनेक संकेतस्थळांची मूळ कल्पना होती. अमेरिकेत ‘क्लासमेट्स’ हे संकेतस्थळ १९९५ मध्ये याच हेतूने निघाले. व्यावसायिक ओळखींसाठीचे ‘लिंक्डइन’ २००३ मध्ये खुले झाले. ‘फेसबुक’चा आरंभ फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या आवारात झाला आणि प्रथम ते विद्यार्थ्यांपुरतेच होते. त्याच वर्षी आलेले ‘ऑर्कुट’ भारतात फार लोकप्रिय ठरले, पण सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले आणि त्यावर जमलेल्या मित्रमंडळांचाही शेवट झाला. यातून महाविद्यालयांनी घ्यायचा बोध स्पष्ट आहे. समाजमाध्यम हे भेटण्याचे ठिकाण आहे, दफ्तर नव्हे. माजी विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही महाविद्यालयाकडेच असली पाहिजे.

कोणते माध्यम कशासाठी

सर्व कामांना एकच माध्यम पुरत नाही. लिंक्डइनवर महाविद्यालयाचे अधिकृत पान असल्यास त्यातील माजी विद्यार्थी विभागात कोण कोठे राहतो, कोणत्या संस्थेत आहे आणि कोणत्या प्रकारचे काम करतो, यानुसार निवड करून पाहता येते. बंगळूरमध्ये लेखापरीक्षणाचे काम करणारे आपले माजी विद्यार्थी किती, याचे उत्तर प्लेसमेंट कक्षाला काही मिनिटांत मिळते. मात्र ज्यांनी आपली माहिती तेथे भरली आहे, तेवढेच दिसतात. हॉटेल, बोट, शेती वा स्वतःचा व्यवसाय करणारे पुष्कळ जण त्या यादीत नसतात. त्यांच्यासाठी तुकडीनिहाय फेसबुक गट अथवा व्हॉट्सॲप हेच मार्ग उरतात.

व्हॉट्सॲपचा वापर सर्वाधिक आहे आणि गैरसोयही तेथेच अधिक होते. एका ग्रुपमध्ये १,०२४ जण सामावतात आणि प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसतो. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलींचे क्रमांक अशा ग्रुपमधून अनोळखी माणसांपर्यंत पोहोचणे ही किरकोळ बाब नव्हे. शिवाय शुभेच्छा आणि राजकीय मजकुराच्या गर्दीत नोकरीची सूचना वाहून जाते. एकतर्फी सूचनांसाठी ‘चॅनल’ची सोय अधिक योग्य आहे, कारण तेथे सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. चर्चेसाठी तुकडीपुरते छोटे ग्रुप ठेवावेत. इन्स्टाग्राम सध्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत कार्यक्रमाची बातमी नेण्यास उपयोगी पडते, परंतु अर्ज आणि कागदपत्रांच्या व्यवहारासाठी ते योग्य ठिकाण नव्हे.

ओळखीपासून नोकरीपर्यंत

माजी विद्यार्थ्याचा खरा उपयोग केवळ शिफारशीपुरता नसतो. एखाद्या क्षेत्रात प्रवेश कसा होतो, मुलाखतीत काय विचारतात, पहिल्या पगारात त्या शहरात भागते का, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. ते सांगू शकणारा माणूस मिळणे, ही छोट्या गावातून आलेल्या आणि घरातून प्रथमच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यासाठी मोठी मदत असते. ज्यांच्या घरी अशा ओळखी आधीपासून आहेत, त्यांना महाविद्यालयाची तितकी गरज नसते. ज्यांच्याकडे त्या नाहीत, त्यांच्यासाठीच ही व्यवस्था आहे.

पहिला संदेश कसा लिहावा, हे मात्र शिकवावे लागते. ‘सर, जॉब आहे का?’ एवढाच मजकूर आणि सोबत परिचयपत्र पाठवले, तर उत्तर येण्याची शक्यता कमी. त्याऐवजी आपले नाव, महाविद्यालय, विषय आणि वर्ष सांगून, समोरच्या व्यक्तीच्या कामाविषयी दोन नेमके प्रश्न विचारावेत आणि बोलण्यासाठी पंधरा मिनिटांची वेळ मागावी. उत्तर आल्यास आभार मानावेत आणि पुढे काय घडले तेही कळवावे. शेवटचे दोन वर्ग सुरू होतानाच प्लेसमेंट कक्षाने याचा सराव घ्यावा. निकालानंतर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.

कक्षाने टाकलेल्या प्रत्येक नोकरीच्या सूचनेत संस्थेचे पूर्ण नाव, कामाचे ठिकाण, पदाचे स्वरूप, पात्रता, वेतन, अंतिम तारीख आणि सूचना कोणाकडून आली, हे असावे. ‘फॉरवर्ड’ झालेला मजकूर पडताळणी न करता महाविद्यालयाच्या नावाने पुढे पाठवणे म्हणजे त्याला हमी देणेच होय.

बोट, आखात आणि फसवणूक

परदेशातील नोकरीच्या नावाने होणारी फसवणूक समाजमाध्यमांतूनच पसरते आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये आलेल्या जाहिरातीवर विश्वास चटकन बसतो. पडताळणीचे काही मार्ग सोपे आहेत. आखातासारख्या ठिकाणी कामगार पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते पाहावे. अशा एजंटाला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढी आहे. बोटीवरील भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा ‘आरपीएसएल’ परवाना हवा. नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास या व्यवस्थेत मुभा नाही. त्यामुळे बोटीवरच्या नोकरीसाठी कोणी लाखाची रक्कम मागितली, तर तेथेच थांबावे. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

प्रसिद्धीचा मोह

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, अर्थात ‘नॅक’, महाविद्यालयाची पाहणी करताना विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग यांचीही दखल घेते. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षण संस्थांना समाजमाध्यमांचे काम पाहणारी एक व्यक्ती नेमण्यास आणि विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या खात्याशी जोडण्यास सांगितले होते. विद्यार्थ्यांवर नजर ठेवली जाईल, अशी टीका तेव्हा झाली. मूल्यांकन आणि प्रवेशांची स्पर्धा यांमुळे महाविद्यालयांची पाने नोकरी लागलेल्यांची छायाचित्रे आणि वेतनाचे आकडे यांनी भरू लागतात. एका विद्यार्थ्याचे सर्वाधिक वेतन मोठ्या अक्षरांत आणि उरलेल्यांविषयी मौन, ही मांडणी पालकांची दिशाभूल करते. किती जण परीक्षेस बसले, किती जणांनी नोकरी शोधली, किती जणांना मिळाली आणि मध्यवर्ती वेतन किती, हे चार आकडे एकत्र द्यावेत. ते कमी असले तरी त्यांच्यावर विश्वास बसतो.

संमती आणि कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. त्यानुसार माहिती घेण्यासाठीची संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून दिलेली असावी लागते. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे हवे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत मिळण्याचा पर्यायही द्यावा लागतो. म्हणजे मराठी आणि कोकणी दोन्ही आल्या. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेश अर्जावर दिलेला क्रमांक न विचारता माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमध्ये टाकणे, यापुढे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न राहणार नाही.

देणगीची गोम

माजी विद्यार्थी संघ समाजमाध्यमांवरून शिष्यवृत्तीसाठी निधी मागतात. गोव्यात येथे एक विशेष अडचण उद्भवते. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीची देणगी परकीय योगदान मानली जात नाही. तीच व्यक्ती पोर्तुगीज नागरिक झाली असेल, तर ओसीआय कार्ड असूनही तिची देणगी परकीय योगदान ठरते. अशी रक्कम घेण्यासाठी परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी असलेल्या संस्थेलाही ती प्रथम नवी दिल्लीतील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. लिस्बन वा लंडनमधील वर्गमित्राने आपुलकीने पाठवलेले पैसे संघाला अडचणीत आणू शकतात. म्हणून आवाहनातच देणगीदाराचे नागरिकत्व विचारणे इष्ट.

लहान महाविद्यालयासाठी किमान व्यवस्था

मोठा खर्च न करता पाच गोष्टी करता येतात. शेवटच्या वर्षी निकालापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचा वैयक्तिक ईमेल पत्ता आणि लेखी संमती घ्यावी, कारण महाविद्यालयाने दिलेला ईमेल पुढे बंद होऊ शकतो. मूळ नोंदवही कार्यालयात ठेवून वर्षातून एकदा ताजी करावी. अधिकृत खात्यांचे पासवर्ड एका प्राध्यापकाच्या मोबाइलमध्ये न राहता किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे आणि कार्यालयाच्या नोंदीत असावेत. नाहीतर बदली वा निवृत्तीनंतर पानच अनाथ होते. आलेली प्रत्येक नोकरीची सूचना पडताळून मगच पुढे पाठवावी. आणि माजी विद्यार्थ्याशी वर्षातला पहिला संपर्क देणगीसाठी नसावा. ज्याची वर्षभर विचारपूस झाली आहे, तो एखाद्या नवख्या मुलासाठी फोन उचलण्याची शक्यता अधिक असते.