हिरण्यकेशी (मासा)

हिरण्यकेशी (शास्त्रीय नाव: शिस्टुरा हिरण्यकेशी) हा सह्याद्रीतील झऱ्यांत राहणारा गोड्या पाण्यातील एक लहान मासा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळील देवळाच्या कुंडात तो प्रथम सापडला. त्याचे शास्त्रीय वर्णन प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी २०२० मध्ये ‘अ‍ॅक्वा’ या मत्स्यविज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. नदीचे नाव तेच माशाला मिळाले. ‘हिरण्यकेशी’ म्हणजे सोनेरी केसांची.

वर्गीकरण आणि वर्णन

हा मासा सिप्रिनिफॉर्मिस गणातील नेमाकायलिडी कुलात मोडतो. शिस्टुरा ही प्रजाती दक्षिण व आग्नेय आशियात पसरलेली असून तिच्यात दोनशेहून अधिक जाती आहेत. या माशांचे शरीर लांबट, खवले अगदी बारीक आणि तोंड खालच्या बाजूला असते. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या असतात व त्यांच्या साहाय्याने मासा तळावरील भक्ष्य शोधतो. अंगावर बहुधा गडद आडवे-उभे पट्टे दिसतात. हिरण्यकेशी लांबीने जेमतेम काही सेंटिमीटरचा, पण रंगाने उठावदार आहे.

अधिवास

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या सदाहरित व निमसदाहरित जंगलात वसलेली आहे. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. गुहेतून येणारे पाणी देवळाजवळच्या कुंडात साठते आणि तेथून नदी सुरू होते. उगम कोकणातील जिल्ह्यात असला, तरी नदी अरबी समुद्राकडे न जाता पूर्वेला आजरा, गडहिंग्लज या भागांतून वाहत जाऊन घटप्रभेला मिळते. घटप्रभा पुढे कृष्णेला मिळते. पाणलोटाची ही सीमा तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाला सहसा ओलांडता येत नाही. घाटमाथ्यावरील एकेका ओढ्यात वेगळी जाती आढळण्याचे हे एक मोठे कारण आहे. आंबोलीतूनच २००९ मध्ये झँथोफ्रिन टायग्रिना या भेकाचेही नव्याने वर्णन झाले होते.

संवर्धन

मासेमारीमुळे ही जाती नष्ट होऊ शकते, हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कुंड व लगतचे २.११ हेक्टर क्षेत्र जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून असा दर्जा देते. याच जिल्ह्यातील हेवाळे-बांबर्डे येथील मायरिस्टिका दलदलीलाही तो त्याच वर्षी मिळाला.

देवस्थानाच्या पाण्यातले मासे न धरण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीत मोठे महसीर मासे याच श्रद्धेमुळे टिकून आहेत. मात्र तेथील मासे काठावरून सहज दिसतात आणि भाविक त्यांना खाऊ घालतात. दगडांच्या फटीत राहणारा बोटाएवढा मासा कोणाच्या नजरेस पडत नाही. शिवाय मासेमारी थांबली, तरी कुंडात साबण, निर्माल्य वा प्लास्टिक पडणे, डासांच्या निर्मूलनासाठी गप्पीसारखे परके मासे सोडले जाणे आणि शोभेच्या माशांच्या हौसेपायी होणारी पकड हे धोके अशा मर्यादित अधिवासाला असतातच. मोठ्या नदीत एखाद्या टप्प्यावर पाणी बिघडले, तर वरच्या अंगाचे मासे पुन्हा खाली पसरू शकतात. उगमावरच्या कुंडाला वरचे अंग नसते.