जळकोट परिसरातील गोंदण आणि त्वचेखालची परकी द्रव्ये

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळ वसलेले तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत होते. मराठवाड्याच्या या टापूत त्वचेखाली परके द्रव्य घालून रूप खुलवण्याची जुनी रीत म्हणजे गोंदण. मेल्यावर सोबत येणारे एवढेच लेणे, अशी त्यामागची श्रद्धा होती.

यात्रा-बाजारात बसणारी किंवा दारोदार फिरणारी गोंदणारीण दिव्याची काजळी पाण्यात अथवा पाल्याच्या रसात कालवी आणि एकत्र बांधलेल्या सुयांनी कपाळावर, हनुवटीवर ठिपके, तर हातावर तुळस किंवा विंचू टोचून वर हळद लावी. हा रंग अंतस्त्वचेत, म्हणजे वरच्या थराखालील जिवंत त्वचेत, उतरल्यावर भक्षक पेशी त्याचे कण गिळतात, परंतु त्यांना ते पचवता येत नाहीत; एक पेशी मेली की दुसरी तेच कण उचलते, म्हणून गोंदण जन्मभर टिकते.

कातडीला सगळेच मानवत नाही, हे लोकांना ठाऊक होते. बिब्ब्याचे तेल लागून फोड आले, तर ‘बिब्बा उतला’ असे म्हटले जाई. गोंदणातही पू होणे, व्रण जाड होऊन वाढणे किंवा ग्रॅन्युलोमा, म्हणजे न पचलेल्या द्रव्याभोवती पेशींनी धरलेली गाठ, असे विकार उद्भवतात. शिवाय एकच सुई अनेकांना वापरल्याने कावीळ ‘ब’ पसरू शकते, आणि छत्तीसगडात तर गोंदणाच्या जागीच कुष्ठरोगाचे चट्टे उठल्याची नोंद आहे.

त्वचेखालच्या परक्या द्रव्याचा हाच धोका आधुनिक वैद्यकातही दिसला. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये पॅराफिन टोचण्यास आरंभ केल्यावर सौंदर्यासाठीही त्याचा वापर फोफावला, पण काही वर्षांतच त्याच्या टणक गाठी दिसू लागल्या, आणि पुढे द्रवरूप सिलिकोननेही तोच अनुभव दिला. आजच्या फिलरमध्ये, म्हणजे ओठ-गाल भरण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या द्रव्यात, बहुधा हायल्युरॉनिक आम्ल असते. ते हायल्युरॉनिडेज या विकराने विरघळवता येते, ही सोय काजळीला वा पॅराफिनला नव्हती. मात्र ते चुकून धमनीत शिरले, तर त्वचा काळी पडून मरते, क्वचित दृष्टीही जाते, आणि तेव्हा उपाय काही तासांत व्हावा लागतो. त्यामुळे द्रव्य सुधारले, तरी सुई धरणाऱ्याला शरीररचनेचे ज्ञान आहे काय आणि उतारा त्याच्या हाताशी आहे काय, हे प्रश्न गोंदणाच्या काळापेक्षा आज अधिक निकडीचे झाले आहेत.