‘कातणे’ आणि ‘कुटणे’ : धातुकामाच्या इतिहासातील दोन क्रियापदे

धातूची चकती फिरत्या साच्यावर दाबून पोकळ भांडे करण्याच्या कृतीस इंग्रजीत सूतकताईचेच क्रियापद लावतात. १८५१ मध्ये अमेरिकेतील वॉटरबरी येथील हायरम हेडन याने या रीतीने पितळी पातेली घडविण्याचे एकस्व मिळविले.

मराठी ‘कातणे’ सूत व कातारकाम या दोहोंस लागू पडते. वेष्टनार्थी व छेदनार्थी असे दोन संस्कृत ‘कृत्’ धातू त्यात एकवटले आहेत. परंतु प्रस्तुत कृतीत तंतूही निघत नाही, कीसही पडत नाही.

अमरकोशात तांब्याच्या कारागिरास ‘ताम्रकुट्टक’, म्हणजे तांबे कुटणारा, म्हटले आहे. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामात कुटण्याच्या खुणा भांड्यावर राहतात. साच्यावर दाबलेल्या भांड्यावर त्या नसतात. हातोडी थांबली, तर कोशात शब्द राहील. त्याचा अर्थ दाखविणारे नवे भांडे मात्र घडणार नाही.