एका मिलिमीटरचा इतिहास

इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तख्त आणि तहनामे उभे राहतात. मुस्लिम समाजाचा इतिहास लिहायला बसलेला माणूसही बहुधा बहमनी, निजामशाही, आदिलशाही आणि सूफी संत यांच्याकडेच वळतो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याला ना शिलालेख आहे ना फर्मान, असाही एक इतिहास आपल्याच मोहल्ल्याच्या तोंडाशी, ऑईलने काळ्या पडलेल्या शटरमागे घडून गेला. जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे घासलेले सिलिंडर पुन्हा कामाचे करणाऱ्या कारागिरांचा हा इतिहास आहे. मोजायला गेलो तर तो जेमतेम एक मिलिमीटर भरतो. कसा, ते आम्ही येथे सांगणार आहोत.

आधी या गाड्या कोठून आल्या ते पाहू. प्रागच्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. मुंबईच्या एका इराणी घराण्याने ही गाडी भारतात आणली. 1960 मध्ये आयडियल जावा ही कंपनी स्थापन झाली आणि 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 पासून त्यांच्यावर ‘येझदी’ हे नाव आले. इराणातील यझ्द शहराची आठवण त्या नावात आहे, असे सांगितले जाते. त्याच साठच्या दशकात पोलंडच्या एका गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूत आली. 1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 आली. दूधवाल्याच्या कॅनपासून मास्तरांच्या पिशवीपर्यंत साऱ्या महाराष्ट्राचे ओझे या गाड्यांनी वाहिले.

या साऱ्या इंजिनांचे कूळ एकच. 1891 मध्ये इंग्लंडच्या बाथ शहरातील जोसेफ डे यांनी असे इंजिन काढले, की ज्यात ताज्या गॅसला आधी क्रँकच्या पेटीत दाब मिळतो आणि मग ती सिलिंडरमध्ये शिरते. पुढे या जातीच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच भोके आली, आणि त्यांची उघडझाप पिस्टन स्वतः करू लागला. या भोकांना आपले कारागीर ‘पोर्ट’ म्हणतात. 1939 च्या जर्मन डीकेडब्ल्यू आरटी 125 या गाडीच्या नकला महायुद्धानंतर रशिया, इंग्लंड, अमेरिका आणि जपान या देशांत निघाल्या. यामाहाची पहिली मोटारसायकल, 1955 ची वायए 1, ही त्यांपैकीच एक. आरएक्स 100 ही त्या घराण्याची पुढची पिढी.

रचना साधी, भाग थोडे, म्हणून ही इंजिने स्वस्त पडली आणि गावोगावी दुरुस्त होऊ शकली. पण साधेपणाची किंमत सिलिंडरला मोजावी लागली. फोर-स्ट्रोकमध्ये तेलाची वेगळी टाकी असते. येथे पेट्रोलबरोबर जाईल तेवढ्याच तेलावर पिस्टनला भागवावे लागते. शिवाय रिंग प्रत्येक फेऱ्यात पोर्टच्या तोंडावरून जाते. आरएक्स 100 मिनिटाला 7500 फेरे घेत असेल, तर रिंग सेकंदाला अडीचशे वेळा एकाच पोर्टवरून घासून जाते. जळालेला गॅस ज्या पोर्टमधून बाहेर पडतो, ती बाजू सर्वांत तापते. त्यात एअर फिल्टर फाटका असेल, तर रस्त्याची धूळ घासण्याच्या पावडरीचे काम करते. तेल कमी पडले की पिस्टन फुगतो, भिंतीला चिकटतो आणि चालती गाडी जागच्या जागी जाम होते. पिस्टनचे ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते, हे त्यामागचे कारण.

असा सिलिंडर दुकानात आला म्हणजे चांगला उस्ताद आधी तो धुऊन उजेडात धरतो आणि आतून बोट फिरवतो. वरच्या टोकाला, जेथे रिंग पोहोचत नाही तेथे, नखाला एक बारीक पायरी लागते. पायरी जेवढी ठळक, तेवढी झीज जास्त. मग मोजमाप सुरू होते. वर, मध्ये आणि खाली, अशा तीन जागी. आणि प्रत्येक जागी पुढून-मागे व डावीकडून-उजवीकडे, अशा दोन दिशांनी. वर आणि खाली फरक निघाला तर सिलिंडर निमुळता झाला. दोन दिशांत फरक निघाला तर अंडाकृती झाला. दोन्ही दोष डोळ्यांना दिसत नाहीत. नुसती नवी रिंग टाकून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारा मिस्त्री आणि खरा उस्ताद यांतला फरक या सहा मोजमापांत आहे.

यानंतरचा नियम असा, की आधी पिस्टन हातात आणि मग बोअर. दुकानात मिळणारे ओव्हरसाईज पिस्टन साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी वाढत जातात. परंतु डब्यावरच्या आकड्यावर विसंबायचे नसते. पिस्टन प्रत्यक्ष मोजून त्याच्या मापाने सिलिंडर कापायचा असतो. भिंत आणि पिस्टन यांत ठेवायची फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असते. ती कमी झाली तर गाडी जाम होणार, आणि जास्त झाली तर पिस्टन खडखडणार. म्हणून मशिनवर बोअर मारताना शेवटचे काही शतांश मिलिमीटर मुद्दाम शिल्लक ठेवतात आणि होनिंगच्या दगडाने काढतात. त्या दगडाच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा भिंतीवर राहायलाच हव्यात. तेल त्यांच्यातच टिकते. आरशासारखी गुळगुळीत भिंत येथे चांगली नव्हे.

यापुढची कामे घाईत टाळली जातात, आणि सिलिंडरचे आयुष्य तर त्यांच्यावरच ठरते. बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या हाताने किंचित मोडल्या नाहीत, तर रिंग अडकून तुटते. रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधले अंतर तपासावे लागते. शेवटी सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने धुवायचा. नुसत्या रॉकेलने दगडाची पूड निघत नाही. पांढरे फडके आतून फिरवून पांढरेच बाहेर येईपर्यंत धुणे चालू ठेवायचे, आणि मग लगेच तेलाचा हात फिरवायचा. त्यापुढे काही शे किलोमीटर गाडी सबुरीने चालवणे हे गिऱ्हाइकाच्या इमानावर.

आता एका मिलिमीटरचा हिशेब. जुन्या जावाचा बोअर 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75. पाव-पाव मिलिमीटरच्या चार पायऱ्या चढल्या की बोअर 66 होतो आणि 249 सीसीचे इंजिन जवळपास 257 सीसीचे होते. या चार पायऱ्यांत कित्येक गाड्यांची वीस-तीस वर्षे गेली. बापाने घेतलेली गाडी पहिल्या बोअरवर मुलाकडे आली, तिसऱ्या बोअरवर विकली गेली. त्यानंतर भिंत आणखी कापणे धोक्याचे. मग सिलिंडर आतून मोठा कापून त्यात बिडाची नवी स्लीव्ह बसवतात. बाहेरचा भाग तापवून फुगवायचा, स्लीव्ह क्षणात आत सोडायची. थंड झाल्यावर ती घट्ट धरली जाते. पोर्ट समोरासमोर यायला हवेत. स्लीव्ह थोडी जरी खालीवर बसली, तरी इंजिनाचा श्वास बिघडतो. सारे नीट जमले, तर पुन्हा मूळ मापापासून सुरुवात.

हे काम केवळ मुसलमानांनीच केले असे आमचे म्हणणे नाही. परंतु महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत गॅरेज आणि लेथच्या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने होती आणि आहेत. दुरुस्ती, कारागीर, कारखाना, औजार, पुर्जा, खराद, उस्ताद, शागीर्द हे या धंद्यातले शब्दच पाहा. फारसी-अरबीतून येऊन ते मराठीत असे मुरले, की आज कोणाला परके वाटत नाहीत. लोहारकामाचे नाते हजरत दाऊद (अ.) यांच्याशी जोडणारे कसबनामे आपल्या देशात लिहिले गेले, छापले गेले. पवित्र कुरआनात त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी यांनी 1206 मध्ये पुऱ्या केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात झडपेचे दोन भाग एमरीच्या पुडीने एकमेकांवर घासून पाणी न गळेल असे बसवण्याची रीत सांगितली आहे. त्यांच्यापासून आपल्या बोअरिंगवाल्यापर्यंत गुरुपरंपरेची साखळी दाखवता येईल, असा दावा आम्ही करत नाही. पण दोन धातू एकमेकांना अचूक बसवणे हे इल्मच आहे आणि ते लिहून ठेवण्याच्या लायकीचे आहे, हे अल-जझरींना आठशे वर्षांपूर्वी कळले होते. आपल्याला ते कळले नाही.

1996 आणि 2000 च्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळ संपवला. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. याबद्दल आम्ही गळा काढणार नाही. तो निळा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जात होता. दुःख दुसऱ्या गोष्टीचे आहे. आज शौकीन लोक या जुन्या गाड्या मोठ्या हौसेने शोधतात, पण सिलिंडर नीट मोजणारा हात शोधायला त्यांना शहर शहर फिरावे लागते.

हे ज्ञान तोंडी होते, आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जाताना त्याने फार मोठी किंमत घेतली. आठ-दहा वर्षांचा ‘छोटू’ शाळा सोडून पाने उचलायला लागे. घरात त्याच्याबद्दल ‘शिकला नाही, म्हणून गॅरेजात टाकला’ असे म्हटले जाई. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आणि 2016 च्या बालमजुरी कायद्यातील दुरुस्तीने ती वाट अडवली, हे चांगलेच झाले. परंतु जुनी वाट बंद करताना नवी वाट आपण बांधली नाही. शाळा पुरी केलेल्या मुलाला हेच कसब कागदावर, मराठीत, मापांसह मिळेल अशी सोय आपण केली नाही. मुलाने हुनर शिकावे की पुस्तक, असा प्रश्न आपण घालत बसलो. दोन्ही का नको, असे फार थोड्यांनी विचारले.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात, नात्यात असा एखादा उस्ताद असेल. त्यांचे हात आता थरथरत असतील, पण सिलिंडरमध्ये बोट फिरवून झीज सांगण्याची त्यांची शुद्ध शाबूत असेल. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणत्या गाडीला किती फट ठेवली, स्लीव्ह बसवताना काय चुकले, कोणत्या चुकीने कोणाचा पिस्टन गेला, हे सारे विचारा आणि लिहून घ्या. सिलिंडरला शेवटच्या बोअरनंतर स्लीव्ह तरी मिळते. उस्तादांबरोबर जे जाईल, त्याला तीही सोय नाही.