नऊ हजार ओव्या, सात दिवस

आजचा भाग थोडा घरचा आहे.

बाबा गेले, त्यानंतर मी त्यांची ज्ञानेश्वरी सात दिवसांत वाचायचं ठरवलं. म्हणजे दिवसाला जवळपास तेराशे ओव्या. ऑफिसमधला स्प्रिंट संपवतात ना, अगदी तसं. सातव्या रात्री पोथी मिटली आणि लक्षात आलं, डोळे दुखतायत, बाकी आत काहीच नाही. खरं सांगतो, लाज वाटली.

मग इतिहास वाचायला लागलो. शके १२१२, म्हणजे १२९०. नेवासे. ज्ञानेश्वरांनी गीतेचे ७०० श्लोक घेतले आणि त्यांवर मराठीत सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. समोर श्रोते बसलेत, त्यांच्याशी बोलणं चाललंय, असा तो ग्रंथ आहे. आणि तो कसा ऐकायचा हेही त्यातच आहे, पहिल्याच अध्यायात! चकोराची पिल्लं शरदाच्या चांदण्यातले कोवळे कण टिपतात, तितक्या हळुवार मनाने ऐका. भुंगा पराग नेतो आणि कमळाच्या पाकळ्यांना पत्ताही लागत नाही, तसं. शब्दांच्या पलीकडे, आतल्या आत. मी ही ओळ पहिल्याच दिवशी वाचली होती. वाचली म्हणजे, स्क्रोल केली.

पुढची जवळपास तीनशे वर्षं पोथी हाताने उतरवली गेली. उतरवताना चुका होणार, पाठ बदलणार. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी ती शुद्ध केली आणि शेवटी बजावलं, यात कुणी आपली ओवी घालू नये. स्वतः एवढे मोठे कवी, पण स्वतःचं काही घुसवलं नाही. (आमच्यात दुसऱ्याचा कोड साफ करताना हा मोह कुणाला आवरतो, सांगा!) एवढा कडक नियम का? माझा अंदाज असा: एकच ओवी घेऊन कुणी दळताना, चालताना दिवसभर मनात घोळवत असेल, तर त्यातला चुकलेला शब्दही दिवसभर त्याच्यासोबत राहणार. नुसतं संपवायला वाचणाऱ्याला काय फरक पडतो?

हे सगळं कळल्यावर बाबांची पोथी परत उघडली. समासात पेन्सिलने तारखा होत्या. आधी मला वाटलं होतं, हिशोब असेल काहीतरी. नीट बघितलं तर एकेका ओवीशेजारी एक तारीख, कधी दोन ओव्यांमध्ये आठवडा गेलेला. पहिली तारीख माझ्या दहावीच्या वर्षातली. शेवटची सहाव्या अध्यायात, जिथे पळणाऱ्या मनाला पुन्हा पुन्हा परत आणायचं सांगितलंय. बारा वर्षांत त्यांचे सहा अध्यायही पुरे झाले नव्हते, आणि मी त्यांना एकदा विचारलं होतं, "बाबा, अजून तेच चाललंय?"

त्यांच्या शेवटच्या तारखेनंतरच्या ओवीपासून मी सुरुवात केलीय. पेन्सिल तीच आहे. आठ दिवस झाले, अजून त्याच ओवीवर आहे.