आखाजीचा डाव आणि अखंड डाव

व्याख्यानमालेचे दिवस आणि आखाजीचे दिवस खान्देशात जवळजवळ एकाच सुमारास येतात. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात आणि तिचा मान कित्येक घरांत दिवाळीच्या बरोबरीचा असतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराई बसते, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. सालदाराचे साल याच सुमारास पुरे होते, हिशेब होतो आणि पुढच्या सालाची बोली ठरते. आणि याच सणाला पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसतात व पैसे लावून खेळतात, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. पोलीस धाडी घालतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पत्ते पिसले जातात.

आमचा आजचा विषय मोबाइलवरील जुगाराचा आहे. मग ही आखाजी मध्येच कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा जुगार काल-परवा आकाशातून पडलेला नाही. त्याची वंशावळ आहे, आणि त्या वंशावळीतील काही पिढ्या आपल्याच कापसाच्या बाजारातून गेलेल्या आहेत. ती पाहिली म्हणजे व्यसन कोठे जन्मते याचा थोडा उलगडा होतो.

प्रथम 'व्यसन' हा शब्दच घेऊ. आज आपण तो वाईट सवयीच्या अर्थी वापरतो. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. त्यात मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्यपान ही चार कामज व्यसने सांगितली आहेत आणि त्याच अधिकरणात अग्नी, पूर, रोगराई व दुष्काळ यांचाही विचार केला आहे. म्हणजे द्यूत आणि पूर यांना एकच शब्द लागला. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पूर आला तर आपण नदीकाठच्या माणसाला दुबळ्या मनाचा म्हणून हिणवीत नाही; बांध कोठे फुटला ते पाहतो.

कौटिल्यानेही बांधाचाच विचार केला. द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली चालावे, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड व्हावा, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारात जमा व्हावेत, असा त्याचा नियम आहे. त्यात खजिन्याचा स्वार्थ होताच. पण द्यूताला जागेचे कुंपण हवे, ही समजही होती.

याहून जुना पुरावा ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात एक जुगारी आपली कर्मकहाणी सांगतो. बायको दुरावली, सासू द्वेष करू लागली, आईबाप व भाऊ त्याला ओळख दाखवीनात. आता खेळायचे नाही असा तो निश्चय करतो. पण पटावर पडलेल्या बेहड्याच्या फाशांचा आवाज कानी येतो आणि त्याचे पाय तिकडे वळतात. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो शेती करण्याचा. येथे निश्चय खोटा नव्हता. निश्चयाला हरविले ते त्या आवाजाने. हा आवाज आपण ध्यानात ठेवू या. तो आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता आखाजीकडे वळू. या जुगाराचे आम्ही समर्थन करीत नाही. त्यात सालभराची कमाई गेल्याची उदाहरणे कोणत्याही गावात म्हातारी माणसे सांगतील. पण त्या खेळाला तीन कुंपणे होती. पहिले तिथीचे: वर्षातून एकदा, वावरात काम नसताना, पाऊस येण्यापूर्वीचे चार दिवस. दुसरे जागेचे: पार, मळा, एखाद्याची ओसरी. तिसरे माणसांचे: समोर बसलेला चुलता, साडू, शेजारी हरणाऱ्याचा चेहरा पाहत असे, आणि कोणीतरी 'पुरे आता, ऊठ' म्हणणारा असेच. सण संपला की नांगर आणि वखर त्याला बोलावीत. डाव वाईट असेल, पण तो थांबत असे.

हे कुंपण प्रथम कोठे उसवले ते पाहण्यासाठी कापसाकडे गेले पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी खान्देशात शिरली होती. जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आले ते याच युद्धाच्या काळात. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत शेअरच्या सट्ट्यात पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या, आणि जळगावच्या पेठेलाही त्याची झळ लागली. आपल्या वावरातील बोंडाचा भाव सातासमुद्रांपलीकडे ठरतो, हा धडा खान्देशाने तेव्हा घेतला.

वायदा आणि जुगार यांत भेद आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. गिरणीवाला पुढल्या महिन्याच्या कापसाचा भाव आज बांधून घेतो, तो जोखीम टाळण्यासाठी. त्यामागे खराखुरा कापूस असतो, गासड्या असतात, जिन असते. पण पुढे एक निराळाच खेळ निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईस येत. त्या भावांतील आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. भाव चढला की पडला याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. कापूस सुटला, आकडा तेवढा राहिला. शेतकऱ्याच्या घामाची वस्तू या खेळातून साफ नाहीशी झाली, आणि वर्षातून एकदा येणारा डाव रोजचा झाला.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे हे आकडे बंद झाले. आता खेळ थांबेल असे कोणासही वाटले असते. तो थांबला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत याने मुंबईत वरळीला स्वतःच आकडे काढण्यास प्रारंभ केला. १९६४ साली रतन खत्री याने आपला निराळा मटका काढला. मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते काढावयाचे, तीन आकड्यांची बेरीज करावयाची आणि तिचा शेवटचा आकडा जाहीर करावयाचा. 'ओपन' आणि 'क्लोज' ही नावे मात्र कापूस बाजाराचीच राहिली. फोनने हा आकडा महाराष्ट्रभर पसरला आणि खान्देशही त्याला अपवाद राहिला नाही. टपरीआडचा चिठ्ठी घेणारा हा नवा अडत्या झाला.

ही सारी परंपरा कायद्याच्या एका कलमात थरांवर थर साचावेत तशी साचली आहे. १८८७ च्या मुंबई जुगारबंदी कायद्यात, पुढील दुरुस्त्यांसह, कापसाच्या भावावरील पैज आहे, त्या भावातील आकड्यांवरील पैज आहे, पावसावरील पैज आहे आणि पत्त्यांवरील आकड्यांच्या बेरजेवरील पैजही आहे. लोकांनी नवी वाट काढावी आणि कायद्याने मागाहून तेथे काटे टाकावेत, असा हा क्रम. मात्र निव्वळ कौशल्याचा खेळ या कायद्याबाहेर ठेवलेला आहे; आणि १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. चार जणांनी समोरासमोर बसून खेळावयाच्या रमीविषयीचा तो निकाल पुढे मोबाइलवरील रमीच्या कंपन्यांना ढालीसारखा उपयोगी पडला.

आता थोडे गणित करू. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे; लागला तर साधारण नऊपट मिळत. म्हणजे लावलेल्या दर दहा रुपयांमागे सरासरी एक रुपया चालविणाऱ्याचा. दिवसातून दोनदा दहा-दहा रुपये लावणारा सरासरीने रोज दोन रुपये गमावील. हाच हिशेब मोबाइलला लावू आणि मिनिटाला सहा डाव धरू. तासाला तीनशे साठ डाव झाले, म्हणजे तासाला तीनशे साठ रुपये गेले. चालविणाऱ्याचा हिस्सा तोच, पैजेची रक्कम तीच. वाढला तो केवळ वेग. जुगाराच्या इतिहासाचे सार आमच्या मते हेच आहे. डाव आणि निकाल यांमधले अंतर पिढीगणिक तुटत गेले.

हे अंतर तुटल्याने मनाला काय होते, याचा अभ्यास विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर याने कबुतरांना चोचीने कळ टोचावयास शिकविले. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळे तेव्हा कबुतर दाणा खाऊन जरा थांबे. पण दाणा कधी तिसऱ्या टोचेला, कधी पन्नासाव्या, असा अनियमित मिळू लागला की ते न थांबता टोचत राही, आणि दाणा अजिबात बंद केल्यावरही पुष्कळ वेळ टोचणे सोडीत नसे. फेर्स्टर व स्किनर यांचा या विषयावरील ग्रंथ १९५७ चा. जुगाराशी याचे साम्य स्किनरने स्वतःच दाखविले आहे. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ याने माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशी तपासल्या. रसाचा थेंब अनपेक्षित मिळाला की त्या पेशी उसळत. पण खुणेनंतर रस मिळतो हे कळल्यावर त्या रसाला नव्हे, खुणेलाच उसळू लागत. ऋग्वेदातील फाशांचा आवाज तो हाच!

हे ज्ञान औषध म्हणून वापरता आले असते. ते आमिष म्हणून वापरले गेले. मोबाइलवरील खेळ पाहा. आरंभी थोडे पैसे फुकट. तीन चित्रांपैकी दोन जुळतात आणि तिसरे केसाएवढे हुकते, म्हणजे हरणे हे जवळजवळ जिंकण्यासारखे वाटावे. दहा रुपये लावून चार परत आले तरी घंटा वाजते. खेळ सोडला की 'परत या' असा संदेश येतो. ज्यांत उघड पैज नाही अशा मुलांच्या खेळांतही बंद पेट्या असतात. पैसे देऊन पेटी उघडावयाची, आत काय निघेल ते दैवाधीन. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा विकत घ्यावयाच्या पेट्या जुगारात मोडतात असे ठरले.

तिथीचे, जागेचे आणि माणसांचे अशी जी तीन कुंपणे आखाजीच्या डावाला होती, ती तिन्ही येथे नाहीत. तिथी नाही, कारण खेळ रात्री दोनलाही उघडा. जागा नाही, कारण तो उशाशी आहे. माणसे नाहीत, कारण पलीकडे कोण आहे हे ठाऊक नाही, आणि अलीकडे बसलेल्या बायकोला मुलगा झोपला की जागा आहे एवढेच दिसते, नवरा काय हरला ते दिसत नाही. नोटा मोजताना हाताला जो थोडा आवर पडे तोही गेला. अंगठा टेकला की पैसे गेले. वैद्यकशास्त्रानेही आता हे मानले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली जुगाराला दारूच्या व्यसनाच्या पंक्तीत बसविले, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत जुगाराचा विकार आणि खेळाचा विकार हे दोन्ही आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ तारखेस त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की दैवाचे, त्याने निषिद्ध ठरविले. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला; खेळणाऱ्यास मात्र गुन्हेगार धरले नाही. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष समाधानाची वाटते. खेळणारा हा पुरात सापडलेला मनुष्य आहे, ही जुनी समज तीत आहे.

तथापि कायद्यावर सारा भार टाकून आपण स्वस्थ बसावे, असे इतिहास सांगत नाही. न्यूयॉर्कचे आकडे थांबले तेव्हा मडके आले, हे आपण पाहिलेच. उद्याही काही येईल. म्हणून घरोघरी बांध घातले पाहिजेत. पांझरेच्या काठी फडांना पाणी देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात नदी कोणी अडवून नाहीशी करीत नाही. बंधारा असतो, पाट असतो आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पैशालाही अशी पाळी लावता येते. खात्यातून एका दिवसात किती रक्कम जाऊ शकेल याची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्यावी. मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवावी. रात्री मोबाइल निजण्याच्या खोलीबाहेर राहावा. आणि कोणी अडकलाच, तर कर्ज फेडून पडदा टाकण्याची घाई करू नये. पडदा हाच या व्यसनाचा मोठा सोबती आहे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, सरकारी रुग्णालय आहे. तेथे बोलण्यास लाज वाटू नये.

धर्मराज पहिल्या द्यूतात सर्वस्व हरला आणि द्रौपदीमुळे ते परत मिळाले. तो इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागला असता पुन्हा बोलावणे आले आणि तो परतला. त्याला धर्म ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? त्या वाटेवर त्याला थांबविणारे मात्र कोणी निघाले नाही. आपल्या घरात अशा वाटेवर कोणी उभा असेल, तर त्याला उपदेश कमी आणि सोबत अधिक द्यावी, एवढेच मागणे करून आम्ही आपली रजा घेतो.